ताणाचा ताळेबंद : कर्मचाऱ्यांचे मनःस्वास्थ्य आणि कल्याणकारी योजना

कर्जप्रस्तावाची छाननी करताना प्रकल्प अहवालातील खर्चाची शीर्षे बारकाईने वाचण्याची आम्हा बँक अधिकाऱ्यांना सवयच जडलेली असते. यंत्रसामग्रीचा घसारा किती, दुरुस्ती व देखभालीची तरतूद किती, विम्याचा हप्ता किती, हे सारे आकडे त्यात असतात. ‘कर्मचारी कल्याण’ या शीर्षाखाली मात्र बहुधा चहापाणी, गणवेश आणि दिवाळीची मिठाई एवढाच खर्च दाखविलेला असतो. यंत्राला वेळच्या वेळी तेलपाणी झाले नाही तर ते बंद पडते, हे कोणत्याही उद्योजकाला समजावून सांगावे लागत नाही. ते यंत्र चालविणाऱ्या माणसाचे मन थकले तर काय होते, आणि ते थकू नये म्हणून आस्थापनेला काय करता येते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात हाच विषय घेतला आहे. उदाहरणे मुख्यतः बँकेच्या शाखेतील आहेत, कारण तेच जग मला जवळून ठाऊक आहे. परंतु आपल्या ग्राहकांपैकी जे स्वतः दहा-वीस किंवा शे-दोनशे माणसांना काम देतात, त्यांनाही यातील बरेच काही लागू पडावे.

ताण : शास्त्र काय सांगते?

‘ताण’ हा शब्द मूळचा पदार्थविज्ञानातला. तो माणसाच्या शरीराला लावला हॅन्स सेली या संशोधकाने. 1936 साली त्याने असे दाखविले, की कारण कोणतेही असो, दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासाला शरीराचा प्रतिसाद साधारण एकाच क्रमाने जातो. प्रथम सावधता, मग प्रतिकार आणि अखेरीस गळाठा. याच्याही आधी, 1908 मध्ये, यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून असे सुचविले होते, की थोडी उत्तेजना कार्यक्षमता वाढविते, पण एका मर्यादेपलीकडे गेली की तीच कार्यक्षमता खाली आणते. मार्चअखेरीस आमच्या शाखांतून जी लगबग असते तिचे पहिले आठ दिवस या नियमाच्या चढत्या बाजूचे असतात आणि शेवटचे तीन उतरत्या बाजूचे, असे अनुभवाने म्हणता येईल.

तथापि नोकरीतील ताणाचा सर्वांत उपयुक्त उलगडा मला रॉबर्ट कारासेक यांच्या 1979 मधील मांडणीत सापडतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : केवळ काम जास्त असणे घातक नसते, काम जास्त आणि त्यावर आपला ताबा कमी, हे जोडपे घातक असते. शाखाधिकाऱ्याला कामाचा डोंगर असतो, पण कोणते काम आधी करावे हे काही अंशी तो ठरवू शकतो. काउंटरवरील लिपिकाला तीही सोय नाही. समोरची रांग तो लहान करू शकत नाही, संगणक प्रणाली मंदावली तर ती वेगवान करू शकत नाही आणि ‘लिंक नाही’ हे वाक्य चाळिसाव्यांदा उच्चारताना समोरच्याचा राग चुकवूही शकत नाही.

या मांडणीला बळ देणारा पुरावा ब्रिटनमधून आला. लंडनच्या व्हाइटहॉल परिसरातील सरकारी नोकरांचा जो अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला, त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या पदांपेक्षा खालच्या पदांवरील कर्मचाऱ्यांत अधिक आढळले. ‘साहेबाला ताण असतो, शिपायाला कसला?’ या सर्वमान्य समजुतीच्या नेमके उलट. पुढे मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दुसऱ्या अभ्यासात कामावरील ताबा कमी असणे हे यामागील एक महत्त्वाचे कारण म्हणून पुढे आले. कल्याणकारी योजना आखणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण ताणव्यवस्थापनाची शिबिरे बहुधा वरिष्ठांसाठी, थंड हवेच्या ठिकाणी भरविली जातात.

आणखी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. कामाने ‘जळून जाणे’ किंवा बर्नआउट हा शब्द हल्ली सर्वत्र ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची नोंद आहे. पण आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून. दीर्घकाळच्या आणि नीट न हाताळलेल्या कार्यालयीन ताणातून येणारा थकवा, कामाविषयी मनात उत्पन्न होणारी परकेपणाची वा तुच्छतेची भावना आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी जाणीव, ही त्याची तीन लक्षणे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. नैराश्य किंवा चिंताविकार हे आजार आहेत. त्यांवर उपचार आहेत आणि विमाही आहे. बर्नआउटचे उत्तर मात्र दवाखान्यात नसून कामाच्या रचनेत असते. दोन्हींची सरमिसळ झाली की आजारी माणसाला ‘चार दिवस गावी जाऊन या’ असा सल्ला मिळतो, आणि केवळ दमलेल्या माणसाला गोळ्या.

एका रोखपालांची गोष्ट

मी नोकरीत नवा असताना एका तालुक्याच्या गावी नेमणुकीस होतो. 8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्याची घोषणा झाली आणि पुढील काही आठवडे शाखेने जे पाहिले ते वाचकांपैकी अनेकांनी रांगेत उभे राहून पाहिलेच आहे. आमचे मुख्य रोखपाल तेव्हा पंचावन्नच्या घरात होते. तीस वर्षांत त्यांची रोकड एकदाही चुकली नव्हती, हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण इतर सारे सांगत. त्या गर्दीत एका संध्याकाळी रोकड जुळेना. तीन वेळा मोजली. वीस हजार रुपये कमी भरले. नियमाप्रमाणे ती तूट त्यांनी स्वतःच्या खात्यातून भरून दिली. कोणी त्यांना बोल लावला नाही. उलट सगळ्यांनी धीर दिला. प्रकरण तेथे संपले, असे आम्ही धरून चाललो.

पुढच्या चार-पाच महिन्यांत त्यांच्या वागण्यात फरक पडत गेला. शंभराची गड्डी यंत्रावर मोजून झाल्यावर ते पुन्हा हाताने मोजू लागले. तिजोरी बंद झाल्यावर दोन पावले गेले की परत येऊन मूठ ओढून पाहू लागले. डबा न उघडताच घरी जाऊ लागला. दुपारच्या चहाला सगळ्यांना हसविणारा हा गृहस्थ चहा टेबलावर मागवू लागला. मी एकदा सहज विचारले, “काका, तब्येत बरी आहे ना?” त्यावर ते म्हणाले, “साहेब, किल्ली घरी असते तेव्हा मी झोपतो कुठे?” मला ते वाक्य गमतीचे वाटले आणि मी हसलो, हे येथे नमूद करणे भाग आहे.

त्यांच्या खात्यावर दोनशेहून अधिक दिवसांची रजा शिल्लक होती. पण दुसरा अनुभवी रोखपाल नव्हता, म्हणून ती मिळतही नव्हती आणि ते मागतही नव्हते. अखेर त्यांना विश्रांती मिळाली ती कोणाच्या सहृदयतेमुळे नव्हे, तर एका नियमामुळे.

सक्तीची रजा : गैरव्यवहार रोखण्यासाठी आलेला एक नियम

बँकांत संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग काही दिवस सक्तीने रजेवर पाठविण्याचे धोरण असते. हेतू अर्थातच अंतर्गत नियंत्रणाचा. माणूस जागेवर नसताना त्याची कामे दुसऱ्याने पाहिली की काही लपविलेले असल्यास ते उघड होते. जुलै 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने या धोरणाला अधिक स्पष्ट रूप दिले. अशा कर्मचाऱ्यास दर वर्षी एकाच वेळी किमान 10 कामकाजाच्या दिवसांची रजा द्यावयाची, तीही पूर्वसूचना न देता. आणि त्या काळात अंतर्गत ई-मेल वगळता कामाच्या कोणत्याही साधनापर्यंत, प्रत्यक्ष वा संगणकाद्वारे, त्याने पोहोचू नये.

मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने पाहिले तर या नियमाइतका चांगला रजेचा नियम शोधून सापडणार नाही. रजा सलग आहे. ती मागावी लागत नाही, त्यामुळे मागण्याचा संकोच नाही. रजेच्या काळात फोन करून ‘ती फाईल कुठे ठेवली?’ असे विचारण्यास मज्जाव आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाखेला त्या माणसाची जागा भरण्याची व्यवस्था करावीच लागते. आमच्या रोखपालांच्या बाबतीतही, पूर्वीच्या धोरणानुसार, तसेच झाले. शेजारच्या शाखेतून माणूस आला, किल्ल्यांच्या नोंदवहीत सही झाली आणि त्या रात्रीपासून किल्ली त्यांच्या घरी राहिली नाही.

याउलट आपल्या नेहमीच्या अर्जित रजेचे काय होते पाहा. ती साठविता येते, निवृत्तीच्या वेळी ठराविक मर्यादेपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात. 11 नोव्हेंबर 2020 च्या द्विपक्षीय कराराने तर दर वर्षी काही दिवसांची रजा रोखीत बदलून घेण्याची सोयही दिली. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हे आर्थिक लाभ मोलाचे आहेत आणि त्यांना माझा विरोध मुळीच नाही. परंतु यामुळे रजा ही विश्रांती न राहता बचत होऊन बसते. लेखाशास्त्राची भाषा वापरायची तर साठलेली रजा हे संस्थेच्या ताळेबंदातील दायित्व असते आणि लेखा मानक 15 नुसार त्यासाठी तरतूद करावी लागते. न घेतलेल्या विश्रांतीचे रुपयांतील दायित्व आपण पैशापर्यंत मोजतो. तिचे शरीर-मनावरील दायित्व कोठेच नोंदले जात नाही. कारखानदार ग्राहकांनी निदान एवढे करून पाहावे : साठविता येणाऱ्या रजेपैकी सात-आठ दिवस असे ठेवावेत, जे सलग घेतले तरच मिळतील, त्यांचे पैसे होणार नाहीत आणि त्या काळात पर्यवेक्षकाचा फोन जाणार नाही.

विमा : कायद्याने दिलेले आणि कागदात अडकलेले

रजेच्या त्या दिवसांत रोखपालांच्या पत्नी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. निदान झाले, औषधे सुरू झाली. येथून विम्याचा प्रश्न सुरू होतो आणि तो सविस्तर समजून घेण्यासारखा आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा कायदा 29 मे 2018 पासून अमलात आला. त्याच्या कलम 21 मधील चौथ्या उपकलमाप्रमाणे प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजारासाठी ज्या आधारावर विमा दिला जातो, त्याच आधारावर मानसिक आजारासाठीही विम्याची तरतूद करावयाची आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट 2018 मध्ये तसे परिपत्रक काढले. तरीही जुन्या पॉलिसींतील ‘मानसिक आजार वगळून’ हे शब्द सहजासहजी गेले नाहीत. एप्रिल 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका दाव्याच्या निकालात विमा कंपनीला या कायद्याची आठवण करून दिली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये प्राधिकरणाला पुन्हा परिपत्रक काढून सर्व विमायोजना या कायद्याशी सुसंगत असाव्यात असे बजावावे लागले. ज्या ग्राहकांकडे आपल्या कामगारांसाठी सामूहिक आरोग्य विमा आहे, त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी अपवादांची यादी एकदा स्वतः वाचावी, ही विनंती.

पण केवळ ‘मानसिक आजार समाविष्ट’ एवढे वाचून समाधान मानू नये. सर्वसाधारण आरोग्य विमा हा रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतो. नैराश्याच्या किंवा चिंताविकाराच्या बहुसंख्य रुग्णांना दाखल व्हावेच लागत नाही. त्यांचा खर्च म्हणजे महिन्याकाठी डॉक्टरांची फी, समुपदेशनाची सत्रे आणि कित्येक महिने चालणाऱ्या गोळ्या. म्हणजे कायद्याने दिलेले संरक्षण खरे असूनही ते ज्याला सर्वाधिक हवे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मिळतो का, हा खरा प्रश्न आहे.

या बाबतीत बँक कर्मचारी तुलनेने सुदैवी म्हणावे लागतील. 25 मे 2015 रोजी झालेल्या दहाव्या द्विपक्षीय कराराने जी सामूहिक वैद्यकीय विमा योजना आली, तिच्यात रुग्णालयात दाखल न होता घ्यावयाच्या उपचारांसाठी, ज्याला आपण डोमिसिलिअरी म्हणतो, ठराविक आजारांची यादी दिलेली होती. कर्करोग, क्षय, हृदयविकार, मधुमेह यांच्या बरोबरीने त्या यादीत मनोविकार आणि मानसोपचार यांचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे 2017 च्या कायद्याच्याही आधी. आपल्यापैकी किती सहकाऱ्यांनी ती यादी त्या ओळीपर्यंत वाचली असेल? या योजनेच्या अटी व हप्ते नूतनीकरणाच्या वेळी बदलत आले आहेत, तेव्हा चालू वर्षाचे परिपत्रक पाहूनच पुढे जावे.

मी ते परिपत्रक काढून रोखपालांना दाखविले. औषधांच्या पावत्या त्यांनी नीट लावून ठेवलेल्या होत्या. पण दावा करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. कारण सरळ होते. अर्ज शाखेतून जाणार, त्यावर शाखाधिकाऱ्यांची सही होणार, टपाल लिपिक तो नोंदविणार, प्रशासकीय कार्यालयात कोणीतरी औषधांची नावे वाचणार. “तूट भरली तेव्हा लोक म्हणाले, चूक होते कधीकधी. हे वाचल्यावर काय म्हणतील? डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाच्या हाती तिजोरी दिली म्हणतील,” असे ते म्हणाले. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. उपचारांचा सारा खर्च त्यांनी पदरचा केला.

योजना होती, हक्क होता, पैसेही होते. नव्हती ती फक्त एक बंद पाकिटाची वाट.

गोपनीयता हाच पाया

राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे बंगळुरूची निम्हान्स, हिने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांत त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला आणि त्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. हे प्रमाण तसेच्या तसे एखाद्या कार्यालयाला लावणे शास्त्रीय ठरणार नाही, परंतु वीस माणसांच्या शाखेत हा विषय कोणाचाच नाही असे समजणेही धाडसाचे होईल. उपचार न घेण्याची कारणे अनेक असतात. नोकरदाराच्या बाबतीत बदली, बढती आणि बदनामी ही तीन कारणे त्यांत हमखास असतात.

समुपदेशनाची योजना आखणाऱ्यांनी म्हणूनच पहिला विचार गोपनीयतेचा करावा. कर्मचारी साहाय्य कार्यक्रम नावाची पद्धत अमेरिकेत 1940 च्या दशकात कामगारांच्या दारूच्या व्यसनावर उपाय म्हणून सुरू झाली आणि पुढे तिचा विस्तार कौटुंबिक कलह, कर्जबाजारीपणा, शोक, नैराश्य असा होत गेला. हल्ली आपल्याकडेही अनेक मोठ्या आस्थापना बाहेरील संस्थेशी करार करून ठराविक संख्येची सत्रे विनामूल्य देतात. समुपदेशक बाहेरचा असावा, कर्मचाऱ्याने थेट त्याच्याशी संपर्क साधावा, आणि आस्थापनेला केवळ ‘या तिमाहीत इतकी सत्रे झाली’ एवढाच आकडा कळावा, हे त्या पद्धतीचे मर्म. तोच कार्यक्रम मनुष्यबळ विभागाच्या शेजारच्या खोलीत, काचेच्या दारामागे चालविला तर तेथे कोणीही फिरकणार नाही. मग ‘आम्ही सोय केली, पण कर्मचारीच येत नाहीत’ असा शेरा अहवालात पडतो.

जपानने या बाबतीत एक चांगला मार्ग शोधला. डिसेंबर 2015 पासून तेथे 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना दर वर्षी कर्मचाऱ्यांची ताणतपासणी करणे कायद्याने आवश्यक झाले. प्रश्नावली भरून घेतली जाते. पण प्रत्येकाचा निकाल त्याचा त्यालाच कळविला जातो आणि त्याच्या संमतीवाचून मालकाला दाखविता येत नाही. ज्याचा ताण जास्त आढळेल त्याला मागणी केल्यास डॉक्टरांशी भेट घालून द्यावी लागते. आपल्याकडील वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल पाहिले जाते. त्याच दिवशी अशी प्रश्नावली देण्यास फारसा खर्च नाही. निकाल मात्र बंद पाकिटातच जावा.

बदलीचा प्रश्न आपल्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. हे अंक इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद आणि त्याही पलीकडे जातात, तेथील आपले मराठी सहकारी हे जाणतातच. बढती मिळाली की परराज्यात नेमणूक, कुटुंब मुलांच्या शाळेमुळे मागे, काउंटरवर ग्राहक जी भाषा बोलतो ती अर्धीच समजते आणि संध्याकाळी खोलीवर बोलायला कोणी नाही. ही काही आजारपणाची अवस्था नव्हे, पण आजाराची वाट येथूनच जाते. अशा अधिकाऱ्यासाठी उपदेशापेक्षा रुजू होण्याआधी महिनाभर स्थानिक भाषेचा वर्ग, जागा शोधण्यास मदत आणि पहिल्या सहा महिन्यांत घरी जाण्यासाठी सलग रजा, या तीन गोष्टी अधिक मोलाच्या ठरतात.

लहान उद्योजकासाठी थोडे गणित

‘हे सारे मोठ्या संस्थांना परवडते’ अशी शंका अनेक ग्राहक काढतील. परिव्यय लेखाशास्त्रात कामगारांच्या गळतीचा खर्च दोन भागांत मांडतात : गळती रोखण्यासाठी केलेला निवारक खर्च आणि गळती झाल्यावर नवी माणसे घेण्याचा प्रतिस्थापन खर्च. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका यंत्रभाग बनविणाऱ्या कारखान्यात 40 कामगार आहेत आणि सरासरी मासिक वेतन 20,000 रुपये आहे. वर्षाकाठी 6 कुशल कामगार सोडून जातात. नव्या माणसाला हात बसेपर्यंत तीन महिने लागतात आणि त्या काळात तो निम्मेच काम देतो, म्हणजे 30,000 रुपयांच्या वेतनाचा मोबदला मिळत नाही. बिघडलेला माल आणि इतरांना द्यावा लागणारा जादा कामाचा भत्ता मिळून आणखी 15,000 धरू. माणशी 45,000, सहा जणांचे 2,70,000 रुपये.

आता दुसरी बाजू. समुपदेशक महिन्यातून दोनदा अर्धा दिवस येतो, प्रत्येक भेटीचे 3,000 रुपये, वर्षाचे 72,000. पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाचे 30,000. एकूण 1,02,000 रुपये. या खर्चामुळे दोनच माणसे थांबली तर 90,000 वाचतील, म्हणजे खर्च भरून निघणार नाही. तीन थांबली तर 1,35,000 वाचून 33,000 रुपये पदरात पडतील. हे आकडे गृहीत आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतील आकडे घालून पाहावे. यात अपघात, गैरहजेरी आणि हजर असूनही लक्ष नसलेल्या माणसाच्या हातून होणारे नुकसान धरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकार यांपायी जगात दर वर्षी 12 अब्ज कामाचे दिवस वाया जातात आणि उत्पादकतेची हानी एक लाख कोटी डॉलरच्या घरात जाते. त्यातील आपला वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वरील हिशेबात पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाला मी मुद्दाम जागा दिली आहे. सप्टेंबर 2022 मध्ये या संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याची शिफारस आहे. पर्यवेक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे असा याचा अर्थ नव्हे. बदल टिपणे, एकांतात विचारणे, मध्ये न बोलता ऐकून घेणे आणि योग्य ठिकाणाची वाट दाखविणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. ‘मन घट्ट करा’, ‘आमच्या वेळी याहून जास्त काम होते’ ही दोन वाक्ये टाळता आली तरी निम्मे प्रशिक्षण झाले असे मी म्हणेन. आमच्या रोखपालांच्या त्या वाक्यावर मी हसलो नसतो, तर कदाचित ते चार महिने आधी बोलते झाले असते.

योग, प्राणायाम, ध्यान यांचा उल्लेख केल्यावाचून असा लेख पुरा होत नाही. त्यांचा लाभ होतो आणि ते अवश्य करावेत. मात्र 21 जूनला सकाळी चटया अंथरून छायाचित्र काढले म्हणजे संस्थेचे कर्तव्य संपले, असे मानता येणार नाही. दोन माणसांचे काम एकावर असेल, तर त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगण्याआधी दुसरा माणूस द्यावा, हे अधिक सरळ आहे.

तातडीने मदत हवी असेल तर

केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक 14416. ती चोवीस तास चालते, भाषा निवडता येते आणि त्यात मराठीही आहे. झोप न लागणे, सतत धास्ती वाटणे, कशातच रस न उरणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तज्ज्ञांशी बोलण्यास उशीर करू नये. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी बोलावे. या क्रमांकाची पट्टी शाखेच्या किंवा कारखान्याच्या सूचनाफलकावर तर लावावीच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावावी, म्हणजे कोणाच्याही नजरेस न पडता ती टिपून घेता येते.

विम्याचा दावा करणाऱ्यांनी डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक असलेली औषधचिठ्ठी, तारीखवार पावत्या आणि पहिल्या निदानाचा कागद जपून ठेवावा. दावा शाखेतून न पाठविता थेट विमा प्रशासक कंपनीकडे पाठविता येतो का, हे आपल्या मनुष्यबळ विभागास लेखी विचारावे. आणि येत नसेल, तर तशी सोय व्हावी म्हणून संघटनेमार्फत मागणी करावी. आमचे रोखपाल 2021 मध्ये निवृत्त झाले. अखेरची तीन वर्षे त्यांनी कर्जविभागात काढली, डबा पुन्हा सगळ्यांबरोबर खाऊ लागले होते. निरोपाच्या दिवशी मी त्यांना त्या पावत्यांबद्दल विचारले. त्या त्यांनी अजून ठेवल्या होत्या, तारीखवार.